सायलेन्सरची कात

आमच्या दुकानात माल पास करायची एकच पद्धत होती. अण्णा सायलेन्सर उचलायचे, तोंडासमोर धरायचे आणि आ करायचे. दात दिसले की माल पास. नुसते दात दिसून भागायचं नाही, मागच्या दाढेत भरलेली चांदीही दिसायला हवी. नाही दिसली तर सायलेन्सर परत दाजींकडे. गिऱ्हाईकांनाही ही पद्धत इतकी आवडली की तेही येऊन आ करायला लागले. एकाला त्यात स्वतःची किडलेली दाढ दिसली. तो सायलेन्सर तिथेच ठेवून दातांच्या डॉक्टरकडे गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून आ फक्त अण्णांनी करायचा असं ठरलं.

अण्णा म्हणजे माझे वडील आणि दुकानाचे मालक. मोटारसायकलींचे सायलेन्सर आणि त्यांना जोडलेले वाकडे पाइप आम्ही क्रोम चढवून चकचकीत करून द्यायचो. समोर काउंटर, तिथे माझी ताई. मागच्या अंगणात क्रोमची टाकी. टाकीशेजारी बफची खोली. बफ म्हणजे मोटरवर गरगर फिरणारं कापडाचं चाक. त्याला पॉलिशचा गुलाबी साबण लावायचा आणि त्यावर सायलेन्सर धरायचा. वरच्या मजल्यावर आम्ही राहायचो. बफच्या खोलीत दाजी.

दाजी आधी आमच्याकडे नोकर होते. एकदा त्यांच्या हातच्या सायलेन्सरमध्ये अण्णांनी आ केला, तर त्यांना दातांच्याही मागची पडजीभ दिसली. एवढ्या आत त्यांनी स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. तिथल्या तिथे त्यांनी ताईचं लग्न ठरवलं. हा माणूस दुसऱ्या दुकानात गेला तर आपलं काय, हा एक विचार. दुसरा विचार असा की दाजींना मागेपुढे कोणी नव्हतं, म्हणजे लग्नात नवरदेवाकडच्यांची जेवणं वाचणार होती. आणि वाचली.

लग्नानंतर ताई आणि दाजी एकमेकांशी बोलायचे ते सायलेन्सरमधून. दाजी चाकाकडे तोंड करून बसायचे, ताई मागे येऊन उभी राहायची, आणि दाजी हातातल्या सायलेन्सरमध्ये तिच्याकडे बघून उत्तर द्यायचे. मागे वळायला त्यांना वेळच नसायचा. ताईचीही तक्रार नव्हती. सायलेन्सर गोल असतो, त्यात माणूस बारीक आणि उंच दिसतो. ताई तशी दोन्ही नव्हती.

हे सगळं छान चाललं होतं, तोवर एक पोरगा आला आणि म्हणाला, "हे काळं करून द्या."

अण्णांनी आवाज खाली आणला. "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. फॅशन आहे."

"चांगला लखलखीत क्रोम आहे हा. माझ्या जावयाच्या हातचा."

"म्हणूनच. माझ्या बापाच्या गाडीला असला असायचा."

हळूहळू सगळ्यांनाच आपण बापासारखे दिसतो असं वाटायला लागलं. जो येईल तो काळं मागायचा. शेवटी शेवटी तर एक माणूस रुमालाने तोंड बांधून आला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, क्रोम होईल का. त्यानंतर तेवढंही कोणी विचारलं नाही. अण्णांनी क्रोमची टाकी भंगारात दिली. बफची मोटर सोडवून तिला पंख्याची पाती लावली आणि ती काउंटरवर बसवली. वारा झकास यायचा, पण मोटरमध्ये जुना पॉलिशचा भुगा अडकलेला होता, तोही यायचा. गिऱ्हाईक थोडा वेळ थांबलं तर गुलाबी होऊन बाहेर पडायचं.

रंगारी म्हणून मला नेमलं. घरात मला सगळे बारक्या म्हणतात, आणि माझ्या अंगात कुठलीही कला नाही याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. काळा रंग मारायला मला शिकावंही लागलं नाही. शाळेत मी जे काही रंगवायचो ते शेवटी काळंच व्हायचं.

पहिला सायलेन्सर तयार झाला तेव्हा अण्णांनी सवयीने तो तोंडासमोर धरला आणि आ केला. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"दिसले का?" ताईने विचारलं.

"काही दिसत नाही," अण्णा म्हणाले. मग विचार करून म्हणाले, "या वयात हेच बरं आहे. पास."

आता एक गोष्ट सांगायला हवी. गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही. आधी काचपेपरने त्याला चांगलं ओरबाडावं लागतं, सगळी चकाकी घालवून खरखरीत करावं लागतं. मग त्यावर रंगाचा फवारा. मग सायलेन्सर गाडीला लावून इंजिन थोडं चालवायचं, गार होऊ द्यायचं, परत चालवायचं, म्हणजे रंग तापून घट्ट बसतो. फवारा माझ्याकडे होता. ओरबाडायचं काम अण्णांनी दाजींना दिलं.

"काय जावईबापू," अण्णा म्हणाले, "जन्मभर घासतच आलात. आता उलटं घासा."

दाजींनी काचपेपर हातात घेतला. त्यांनी तो असा धरला होता, जणू कोणाचं तरी पोर रडतंय आणि त्याला गप्प करायला यांच्याकडे दिलंय. पण घासलं. ते सांगितलेलं काम करायचे. फक्त घासून झालं की त्यांना ते ओरखडे दिसायचे, आणि ओरखडा दिसला की दाजींचा हात आपोआप फडक्याकडे जायचा. फडक्याला पॉलिश, पॉलिश सायलेन्सरवर, आणि हाताने गोल गोल, गोल गोल, ओरखडे जाईपर्यंत. मोटर नव्हती तर नव्हती. हे ते मुद्दाम करत नव्हते. मी एकदा खिडकीतून पाहिलं. ते छताकडे बघत होते आणि हात खाली आपलं काम करत होते.

सायलेन्सर माझ्याकडे यायचे तेव्हा लखलखीत असायचे. मला ते दिसायचं. पण माझं काम चकाकी झाकायचं होतं, तिच्याबद्दल बोलायचं नव्हतं. मी झाकायचो.

मग तो पहिला पोरगा परत आला. हातात एक काळी, लांब, पोकळ गोष्ट होती. मोज्यासारखी लोंबत होती.

"हे तुमचं का?" त्याने विचारलं.

रंग सायलेन्सरवरून अख्खाच्या अख्खा निघाला होता. मधे कुठे फाटला नव्हता, तुटला नव्हता. सापाने कात टाकावी तशी सायलेन्सरने टाकली होती, आणि आतून सायलेन्सर जन्माला आल्यासारखा चमकत होता.

"चौकात निघाली," पोरगा म्हणाला. "सिग्नलला. सगळे बघत होते. मागच्या बाईने हॉर्न वाजवून सांगितलं, तुमचं काहीतरी पडलंय."

अण्णांनी ती कात घेतली, काउंटरमागच्या भिंतीत खिळा ठोकला आणि तिला तिथे टांगलं. जेवायला बसल्यावर म्हणाले, "जावईबापू, तुमचा मोजा सापडला."

आम्ही सगळे हसलो. दाजीही हसले. त्यांना सगळ्यांच्या मागून हसायची सवय होती.

त्यानंतर काती येतच राहिल्या. कोणी पिशवीतून आणायचं, कोणी गळ्यात घालून. एकाने तर घडी करून आणली होती. अण्णा खिळे ठोकत गेले. भिंत अशी दिसायला लागली, जणू आम्ही साप सोलतो. ताई काउंटरवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "हे सगळं आमच्या ह्यांचं."

"अहो, तुम्हाला जमत का नाही?" एकदा ती त्यांना म्हणाली. आता हातात ओरबाडलेला सायलेन्सर असायचा, त्यात ती दिसायची नाही, म्हणून दाजींना मागे वळून तिच्या तोंडाकडे बघावं लागायचं. दोघांनाही त्याची सवय नव्हती. दाजी तिच्या कपाळाकडे बघायचे, ती त्यांच्या खांद्याकडे.

"जमतं गं," दाजी म्हणाले. "घासून होतं. मग ते बघवत नाही."

"मग बघू नका."

"डोळे आहेत ना."

"तेवढंच उरलंय," ताई म्हणाली, आणि काउंटरवर गेली.

अशात भट्टीवाला आला. हा एक गोल, आनंदी माणूस. त्याच्याकडे एक मोठी लोखंडी भट्टी होती, वॉर्डरोबएवढी. तिच्यात रंगाची पावडर सायलेन्सरवर भाजून पक्की करता यायची. इंजिन चालवायला नको, गार करायला नको. ओरबाडायचं यंत्रही त्याचंच होतं. भट्टी त्याची, जागा आमची, धंदा दोघांचा, असं त्याचं म्हणणं. त्याने सगळं दुकान फिरून पाहिलं आणि बफच्या खोलीच्या दारात थांबून म्हणाला, "इथे बसेल."

आत दाजी बसलेले होते. भट्टीवाल्याने त्यांच्याकडे पाहून नमस्कार केला. मग अण्णांना म्हणाला, "एवढं काढावं लागेल."

अण्णांना भट्टी फार आवडली. अडचण एकच होती.

"जावई आहे," ते मला आणि ताईला म्हणाले. "जावयाला असंच काढता येत नाही. लोक विचारतात, का काढलं. कारण लागतं."

"भिंतभर कारणं आहेत," मी म्हणालो.

"ती मी हसून घालवली. आता त्यांचं कारण होत नाही. नवीन पाहिजे."

म्हणून त्या संध्याकाळी जेवताना अण्णांनी सगळ्यांच्या देखत नियम केला. यापुढे एक जरी कात परत आली, तर दाजींनी दुकान सोडायचं. आणि दुकानाच्या वर घर आहे, तर घरही.

दाजींच्या तोंडात घास होता. तो त्यांनी नीट चावला.

"म्हणजे मी पण?" ताईने विचारलं.

"तू कशाला? तू माझी मुलगी आहेस."

"हां," ताई म्हणाली. तिने भात घेतला, भांडं दाजींकडे सरकवलं. "अहो, ऐकलंत ना? अजून घेणार का?"

दाजींनी थोडा घेतला.

पुढच्याच आठवड्यात मोटारसायकलवाल्यांच्या एका क्लबचं काम आलं. ही सगळी मोठाली माणसं, काळी जॅकेटं, काळे बूट, आणि खाली चमकते सायलेन्सर. त्यांचं त्यांनाच लाजिरवाणं झालं होतं. त्यांचा अध्यक्ष म्हणाला, आम्ही डोंगरातून लांबच्या सफरीवर चाललोय, चढ, उतार, चिखल, दगड, सगळं आहे. रंग टिकला पाहिजे. अण्णा म्हणाले, टिकेल. आणि इतक्या खूश नजरेने माझ्याकडे पाहिलं की मलाही कळलं, टिकणार नाही याची त्यांना खात्री आहे.

सगळे सायलेन्सर बफच्या खोलीत जाऊन पडले. दाजींनी ताईकडे एक जुना टॉवेल मागितला. मला वाटलं घाम पुसायला. त्यांनी तो डोळ्यांवर बांधला, मागे घट्ट गाठ मारली, आणि काचपेपर घेऊन घासायला बसले.

हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ओरखडे दिसलेच नाहीत तर हात फडक्याकडे जायला कारणच नाही. दाजी चाचपून सायलेन्सर उचलायचे, चाचपून घासायचे, बोट फिरवून खरखर बघायचे आणि डावीकडे ठेवायचे. काही वेळा काचपेपर कुठे संपतो आणि बोट कुठे सुरू होतं हे त्यांना कळायचं नाही. सायलेन्सर माझ्याकडे यायचे तेव्हा त्यांवर थोडं थोडं रक्त असायचं. मी ते पुसून रंग मारायचो. रंग असा बसायचा की काय सांगू.

दुपारी भट्टीवाला खोलीचं माप घ्यायला आला. अण्णा म्हणाले, आता नको, तो आत आहे. ताई म्हणाली, "डोळे बांधलेत. या तुम्ही."

मापाच्या टेपचं एक टोक ताईने धरलं, एक भट्टीवाल्याने, आणि दोघं चपला काढून आत गेले. मी दारात उभा होतो. दाजींच्या डोक्यावरून टेप गेला. मग पाठीमागून. मग भट्टीवाला वाकला आणि दाजींच्या गुडघ्याशेजारी खुणेसाठी खडूने रेघ मारली. खडूचा आवाज झाला.

दाजी थांबले. "कोण आहे?"

भट्टीवाला एका पायावर उभा राहिला.

"मीच," ताई म्हणाली. "झाडतेय."

"भुगा फार झालाय," दाजी म्हणाले. "उगीच तुला त्रास."

"पाय उचला," ताई म्हणाली.

दाजींनी पाय उचलले. खालून टेप गेला.

"झालं?"

"झालं. ठेवा."

बाहेर आल्यावर भट्टीवाला चपला घालत म्हणाला, "माणूस चांगला आहे हो."

"चांगला आहेच," ताई म्हणाली. "रुंदी किती आली?"

क्लब सफरीला गेला. भट्टीवाल्याने भट्टी आणून दुकानासमोर उभी केली, कारण निकाल काय लागणार हे ठरलेलंच होतं. ताईने कपाटातले दाजींचे कपडे एका पिशवीत भरून ठेवले, इस्त्री करून. अण्णांनी भिंतीत एक नवा खिळा ठोकला, जरा उंचावर, इतरांपासून वेगळा.

आणि मग क्लब परत आला.

गाड्या चिखलाने भरलेल्या. अध्यक्षाची दाढीही. त्याने बादलीभर पाणी मागितलं, आपल्या सायलेन्सरवर ओतलं, आणि चिखल वाहून गेल्यावर खालून काळा कुळकुळीत रंग दिसला. एक टवकाही उडाला नव्हता.

अण्णा प्रत्येक गाडीपाशी गेले. वाकले. नखाने खरवडून बघितलं. तिसऱ्या की चौथ्या गाडीला नख तुटलं, तर अंगठा वापरला.

"काय बघताय?" अध्यक्षाने विचारलं.

"कौतुक करतोय," अण्णा म्हणाले.

अध्यक्ष आत गेला, दाजींच्या पाठीत प्रेमाने असा गुद्दा घातला की दाजी भिंतीला टेकले, आणि म्हणाला, "काय हात आहे तुमचा." दाजींनी लाजून हात मागे लपवले. बोटांना पट्ट्या होत्या.

त्या दिवशी दाजी जेवताना पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी हसले. बाकी कोणी हसलंच नाही.

भट्टी रस्त्यात तशीच उभी राहिली. शेजाऱ्यांनी तिच्यावर कपडे वाळत घातले. भट्टीवाला रोज यायचा, कपडे बाजूला करून भट्टीला टेकायचा आणि आत बघून विचारायचा, "अजून आहेत का?" अण्णांची झोप उडाली. शेवटी त्यांनी मला आणि ताईला काउंटरपाशी बोलावलं.

"एक कात पाहिजे," ते म्हणाले.

"जुन्यांतली घ्या," मी म्हणालो.

"ओळखेल तो. नवीन पाहिजे."

नवीन कात करणं सोपं वाटलं होतं. क्रोम तसाच ठेवायचा, ओरबाडायचा नाही, वरून रंग मारायचा, तापवायचा, सोलायचा. मी एक जुना सायलेन्सर घेतला आणि करून पाहिलं. रंग तुकड्यातुकड्याने निघाला, निम्मा चिकटूनच राहिला. क्रोम जुना झाला की त्याला बारीक बारीक खड्डे पडतात, त्यांत रंग जाऊन बसतो. अण्णांनी फडकं आणि पॉलिश घेऊन तो स्वतः घासला. त्यांचा खांदा धरला. ताईने घासला. मग पुन्हा मी. काही उपयोग झाला नाही. अख्खी कात निघायची तर सायलेन्सर आरशासारखा हवा, आणि तसा करणारा या घरात एकच माणूस होता.

पंखा आमच्यावर गुलाबी भुगा टाकत होता.

"मी सांगते त्यांना," ताई म्हणाली.

ती बफच्या खोलीत गेली. मी मागून गेलो, कारण मला राहवत नाही.

"अहो," ती म्हणाली. "एक गिऱ्हाईक आलंय. त्याला क्रोम पाहिजे."

दाजी तिच्या कपाळाकडे बघत होते. ते पहिल्यांदा थोडे खाली, तिच्या डोळ्यांत बघायला लागले.

"काळं नको?"

"नको म्हणतो. चकचकीत. तुमच्याच हातचं."

"खरंच?"

"मी कशाला खोटं बोलू?" ताई म्हणाली, आणि तिने स्वतःच्या हाताने काउंटरवरच्या पंख्याची पाती काढून मोटर आणून दिली.

दाजींनी चाक बसवलं. बोटांच्या पट्ट्या सोडल्या. मोटर सुरू झाली तेव्हा तो जुना घुंई आवाज अख्ख्या घरात भरला, आणि खांदा धरला म्हणून वर जाऊन पडलेले अण्णा उठून बसले. दाजी आधी जाड चाकावर, मग मऊ चाकावर, मग नुसत्या कापडावर, मग तळहाताने. ताई मागे उभी होती. निरोप देऊन झाला होता, तिचं तिथे काही काम नव्हतं.

"बारीक दिसतेस," दाजी सायलेन्सरमध्ये बघत म्हणाले.

तिने मान थोडी वळवली, हनुवटी वर केली, स्वतःला एका बाजूने पाहिलं. मग दुसऱ्या बाजूने. दाजी सायलेन्सर अगदी स्थिर धरून बसले, तिचं बघून होईपर्यंत.

सायलेन्सर तयार झाला. अण्णा खाली आले, त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि आ केला. अलीकडे त्यांचे बरेच दात गेलेले होते. जे होते ते सगळे दिसले. जे नव्हते त्यांच्या जागाही दिसल्या. दाढेतली चांदी दिसली, पडजीभ दिसली. अण्णा आ करून तसेच उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते सायलेन्सरवर पडू दिलं नाही.

"पास," ते म्हणाले. "जावईबापू, असला माल मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

दाजी वर जाऊन अंघोळीला बसले. अण्णांनी सायलेन्सर माझ्या हातात दिला.

"मार काळा," ते म्हणाले.

मी मारला. आमच्याच गाडीला लावून तापवला, गार केला, परत तापवला. मग कडेला नख घालून हळूहळू ओढलं. रंग असा सुटला, जणू त्याला सायलेन्सरशी आपलं कधी नातं होतं हेच आठवत नव्हतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसंध. आमच्या भिंतीवरची सर्वात देखणी कात. अण्णांनी ती उंचावरच्या खिळ्याला टांगली आणि दाजींना हाक मारली.

दाजी ओल्या केसांनी खाली आले. समोर अण्णा, शेजारी ताई, दारात भट्टीवाला. मी स्टुलावर.

"क्लबवाल्यांपैकी एक आणून देऊन गेला," अण्णा म्हणाले. "मला बोलायला कसंतरीच वाटतंय. पण सगळ्यांच्या देखत ठरलं होतं."

दाजींनी हात वर केला, पोचला नाही. भट्टीवाल्याने पुढे होऊन त्यांना कात काढून दिली. दाजींनी ती उलटी केली, मोजा उलटा करतात तशी. कातीची बाहेरची बाजू काळी ठिक्कर होती, पण आतली बाजू त्या पॉलिशवर वाळलेली. ती आरशासारखी होती. त्यांच्या चाकाच्या बारीक बारीक गोल रेघाही तिच्यात उतरल्या होत्या. दाजींनी त्या रेघांवरून बोट फिरवलं. पट्ट्या नसल्यामुळे बोटाला सगळं लागत असणार.

मग त्यांनी कात तोंडासमोर धरली आणि आ केला. नोकर असताना त्यांनी हे कधी केलं नव्हतं, जावई झाल्यावरही नाही. तो मान अण्णांचा होता.

मग त्यांनी तोंड मिटलं.

"पास," दाजी म्हणाले.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बारक्या, फवारा एकसारखा मारलास. आता हात बसला तुझा." टोमणा नव्हता.

त्यांनी ताईकडे पाहिलं. सरळ तोंडाकडे. ताई त्यांच्या खांद्याकडे बघत होती.

"ते क्रोमवालं गिऱ्हाईक," त्यांनी विचारलं, "घेऊन गेलं का?"

"जाईल घेऊन," ताई म्हणाली. "तुमची पिशवी जिन्यात आहे. डबा पण भरलाय."

"अण्णा," दाजी म्हणाले, "तो सायलेन्सर मला नेता येईल का?"

"तो दुकानाचा आहे," अण्णा म्हणाले. "कात घेऊन जा हवी तर."

दाजींनी कातीची गुंडाळी केली, चमकती बाजू आत ठेवून, आणि पिशवीत कपड्यांच्या मधे घातली. भट्टीवाल्याने त्यांना वाट करून दिली आणि पुन्हा नमस्कार केला. ते रस्त्याने गेले तेव्हा भट्टीवर कोणाची तरी चादर वाळत होती, ती त्यांनी वाकून चुकवली.

भट्टी आत जाईना. ताईने खोलीचं माप घेतलं होतं, दाराचं नाही. मग भिंत पाडली. आता काम झपाट्याने होतं. भट्टीवाल्याच्या यंत्राने ओरबाडलेल्या मालाच्या काती येत नाहीत, भिंतीवरच्या जुन्या काती अण्णांनी टाकून दिल्या. क्लबवाला अध्यक्ष अधूनमधून येतो, पाठीत गुद्दा घालायला दाजींना शोधतो, नाही सापडले की मला घालतो.

तो सायलेन्सर मात्र काउंटरवर राहिला. कोणी ठेवा म्हटलं नाही, कोणी काढाही म्हटलं नाही. सकाळी दुकान उघडलं की अण्णा त्याच्यासमोर आ करायचे. ताई केस नीट करायची, हनुवटी वर करायची, एका बाजूने बघायची, मग दुसऱ्या. पण भट्टीचा धूर असतो, पावडर असते. क्रोम मंदावत गेला. आधी अण्णांची पडजीभ गेली. मग चांदी. ताईने फडकं घेऊन घासून पाहिलं, तर जास्तच धुरकट झाला.

"यात मी जाड दिसते," एक दिवस ती म्हणाली.

"त्याला बोलवा जरा," अण्णा म्हणाले. "एवढं चाक मारून जाईल."

"कुठे बोलवू?" ताईने विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी भट्टीवाल्याकडे पाहिलं. जाताना दाजींना, कुठे जाणार, हे कोणीच विचारलं नव्हतं.

"मग मार काळा," अण्णा म्हणाले. "काउंटरवर घाण दिसते."

मी घेतला. ओरबाडावंसुद्धा लागलं नाही, आपोआपच खरखरीत झाला होता. एक हात मारला, तापवला, परत काउंटरवर ठेवला. त्यावर रंग पक्का बसला.

ताई जाता येता त्याला नखाने खरवडून बघते. निघत नाही.